‘दाब ब्रेक’ म्हणणारे काका

भर उन्हात गाडीच्या मागे तीस पावलं मोजत जायचं, वळायचं, कपाळावर आडवा हात धरायचा आणि ओरडायचं, "दाब ब्रेक." गाडीच्या दिव्यांना फिल्म लावणाऱ्या काकांचं काम या हाकेशिवाय संपत नसे. तीस पावलांवरून लाल दिवा स्पष्ट दिसला नाही, तर गिऱ्हाईक कितीही खूश असो, काका आपणच लावलेली फिल्म नखाने उचलून सोलून काढत. "तुला आवडून काय उपेग? मागच्याला दिसाया पायजे," एवढंच म्हणत.

काका जवळच्याच मोरवा गावचे. लहानपणी घरच्या मिठागरात, मिठाच्या चकाकीत राबलेले, म्हणून की काय, डोळे बारीक करून बघायची त्यांना सवय होती. स्कूटरवर फिल्मच्या गुंडाळ्या, साबणाच्या पाण्याची फवारणीची बाटली आणि फिल्म तापवायची हीट गन घेऊन ते सिल्व्हर पार्कमधल्या आमच्या सोसायटीत यायचे. काम पार्किंगमध्येच. पुढच्या फॉग लाइटला पिवळी फिल्म, मागे लावायचीच तर अगदी फिकट करडी. स्प्रेला मात्र हात लावत नसत. "फिल्म चुकली तर निघते. रंग चुकला तर घासत बसा."

मला असं काही लिहायची सवय नाही. पण तुम्हीही असं एखादं माणूस पाहिलं असेल, म्हणून त्या रविवारचं सांगते.

बाबा टुरिस्ट गाडी चालवतात. गाडी आमचीच, आणि घर तिच्यावरच चालतं. सोमवारी आरटीओत तिचं पासिंग होतं. बाबा गावाला गेले होते, रविवारी दुपारी चारला परतणार होते. आल्यावर त्यांना गाडी नव्यासारखी दिसावी म्हणून दादाने शनिवारी मोबाइलवर व्हिडिओ बघून मागचे दोन्ही दिवे काळ्या स्प्रेने रंगवले. मलाही ते छान वाटले, खोटं कशाला सांगू.

रविवारी सकाळी काका शेजाऱ्यांच्या गाडीच्या कामाला आले. आमची गाडी दिसली तसे थबकले. कोणी न सांगता तीस पावलं मागे गेले.

"दाब ब्रेक."

दादाने दाबला.

"दाब की."

"दाबलाय, काका."

काका परत आले. "पासिंग कधी हाय?"

"उद्या."

"मंग नापास समज. आणि वाटेत मागून कुनी ठोकली तर बापाला काय सांगशील?"

ते शेजाऱ्यांच्या गाडीकडे वळले, पण दादाला धीर धरवेना. स्प्रेचा डबा माझ्यापुढे धरून म्हणाला, "वाच ना, कशाने निघतो हा?" आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे इंग्रजी काहीही आलं की ते माझ्याकडे येतं. बारीक अक्षरं भराभर वाचून मी सांगितलं, "थिनरने." ते लोखंडासाठी होतं. प्लास्टिकला लावू नये, हे पुढच्याच ओळीत होतं. ती ओळ मी वाचलीच नाही.

दादाने थिनरचं फडकं फिरवलं आणि डाव्या दिव्याचा कोपरा ताकासारखा पांढरट झाला.

काकांनी धावत येऊन फडकं हिसकावलं. "दिव्याला थिनर? काच हाय काय ती? प्लास्टिक हाय रे. कुनी सांगितलं तुला?"

"डब्यावर लिहिलंय."

"येवढं इंग्रजी तुला वाचता येतं?"

काकांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी चपलेकडे बघत होते.

"घासून देतो मी," ते म्हणाले. "पन बाप आला का सांगायचं. आजच. लपवायचं न्हाय."

त्यांनी बादलीत पाणी घेतलं आणि पाणी पेपर, म्हणजे ओले करून घासायचे सँडपेपर, भिजत घातले. आधी जाड पेपर, मग बारीक, मग त्याहून बारीक. दादाला शेजारी बसवून हात कसा हलका ठेवायचा ते दाखवलं. काळं पाणी बंपरवरून ओघळत राहिलं. मी जेवायला बोलवायला गेले तर म्हणाले, "आता उठलो तर पेपर सुकंल. सुका पेपर ओरखाडे काढतो." साडेतीनला पॉलिश मारून झाल्यावर दोन्ही दिवे लाल दिसायला लागले. डाव्या कोपऱ्यातला डाग फिका झाला, पूर्ण गेला नाही. "तेवढा राहील," काका म्हणाले. "पन पास होईल गाडी."

आता निघतील असं वाटलं. तेवढ्यात बाबा गेटमधून आत आले, आणि काका फडकं घेऊन पुन्हा उजव्या दिव्यापाशी बसले.

दादा अडखळत बोलला. "बाबा, मी दिवे काळे केले होते. थिनरही मीच लावला. काकांनी घासून दिलं."

बाबांनी पिशवी खाली ठेवली. "आणि गाडी नापास झाली असती तर?"

"चुकलं माझं," दादा म्हणाला. माझं नाव त्याने घेतलं नाही.

काकांचं फडकं फिरतच होतं. आमच्याकडे पाठ करून ते एकाच जागी पुसत होते. मला वाटलं, डाग काढतायत. पण डाग तर डाव्या दिव्यावर होता.

"बाबा, डबा मी वाचला होता," मी म्हणाले. "नीट वाचला नाही."

फडकं थांबलं. काकांनी त्याची घडी घातली, बादली रिकामी केली. "भाऊ," ते बाबांना म्हणाले, "सकाळी लवकर जा. तिथं रांग आसते." आणि स्कूटर काढून गेले.

गाडी पास झाली.

काका आता मोरव्यात नसतात. नजर कमी झाल्यावर त्यांनी काम सोडलं आणि उत्तनला मुलीकडे गेले. एकदा भेटून यायचं मी सारखं ठरवते. पण जाऊन काय बोलायचं, ते अजून सुचत नाही.