चौरस फुटांचा प्रोग्राम

“सर, हा प्रोग्राम म्याच बनवला,” पार्टिशनमागून आमच्या मोजणी ऑफिसातले सीनियर ड्राफ्ट्समन साहेबांना म्हणाले. नकाशातलं क्षेत्रफळ चौरस मीटरांऐवजी चौरस फुटांत दाखवणारी ती फाइल मी आठवडाभर खपून लिहिली होती. कान तापले, पण कूलरच्या घरघरीत मी पुढचा नकाशा उघडला आणि संधीची वाट पाहू लागले. महिन्याभरात पवनारचे एक काका शेताचा नकाशा घ्यायला आले. “फुटाचं मले काय समजते? एकरात सांगा ना बाप्पा!” सर सीनियरना म्हणाले, “बदलवा मग.” त्यांनी फाइल उघडली आणि कोडमधल्या कंसांच्या गर्दीत अडकले. शेवटी माझ्याकडे वाकून हळूच विचारलं, “मॅडम, कुठं बदलवाचं?” एरवी न बोलणारी मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “भाऊ, बनवला तुम्ही, मला काय माहीत?”