दादांचा पुढे ढकललेला वाढदिवस

आमचे दादा घरातही माइकवर बोलल्यासारखे बोलायचे. सकाळी आई चहा गाळायला लागली की ओसरीवरून आवाज यायचा, "चहा तयार आहे. ज्यांना घ्यायचा आहे त्यांनी ताबडतोब स्वयंपाकघराकडं यावं." हे वाक्य ते दोनदा म्हणायचे, दुसऱ्यांदा जरा सावकाश. एसटीच्या स्थानकावर कंट्रोलर म्हणून उभी हयात काढलेल्या माणसाची ती सवय होती. कोणती गाडी कोणत्या फलाटाला लागली आणि कोणती आज येणार नाही, हे त्यांनी आधी नांदेडला आणि शेवटची काही वर्षं उमरीला सांगितलं. रिटायर झाल्यावर गाड्या गेल्या आणि आम्ही नातवंडं उरलो. मी सहामाहीला गणितात नापास झालो तेव्हा त्यांनी गल्लीला ऐकू जाईल अशा बेतानं जाहीर केलं होतं, "चिरंजीव गणितात अडकून पडलेले आहेत. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." उमरीत त्यांना नावानं हाक मारणारं कोणी राहिलं नव्हतं. 'कंट्रोलरसाहेबांकडं' एवढं म्हटलं की रेल्वे स्टेशनवरचा ऑटोवाला थेट आमच्या दारात आणून सोडायचा.

पाहुणा यायचा म्हटला की दादा त्याला उतरवून घ्यायला स्वतः स्टँडवर जायचे. घर स्टँडपासून चार पावलांवर, पाहुणा नेहमीचा, तरी जायचेच. गाडीच्या वेळेआधी अर्धा तास जाऊन उभे राहायचे, काखेत छत्री, डोक्याला टोपी. आई म्हणायची, मामंजी, त्यांना घर माहीत आहे की. त्यावर दादांचं ठरलेलं उत्तर होतं, "मानूस गाडीतून उतरला की म्होरं आपलं मानूस दिसायला पायजे." पुढे मी पुण्याला नोकरीला लागलो, गाडी घेतली, तर ते फाट्यावर येऊन उभे राहायला लागले. मी फोनवर सहाला पोचतो म्हणायचो आणि साडेआठला उगवायचो. दोन-अडीच तास उभं राहिलेला म्हातारा खिडकीतून आत डोकावायचा आणि विचारायचा, "वाटंत काही खाल्लंस का न्हाई?" मी रहदारीवर खापर फोडायचो. खरं तर मी निघालेलोच उशिरा असायचो.

दादांचा वाढदिवस एक जूनला. त्यांच्या वर्गातल्या निम्म्या पोरांचाही एक जूनलाच. शाळेत नाव घालायला नेलं तेव्हा गुरुजींनी जन्मतारीख विचारली. दादांच्या वडिलांनी दोन-तीन पिकं मोजून पाहिली, मग हातानं पोराची उंची दाखवली. गुरुजींनी अंदाजानं साल धरलं आणि पुढे एक जून लिहून टाकलं. आमच्याकडे त्या पिढीतल्या कोणालाही विचारा, तो एक जूनलाच जन्मलेला निघेल. बाकीच्यांना त्याचं काही वाटत नसे. दादांना वाटायचं. ज्या माणसानं जन्मभर मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवून गाड्या सोडल्या, त्याला आपण स्वतः कधी आलो हे ठाऊक नव्हतं.

ते ठाऊक असलेलं एकच माणूस उरलं होतं, ते म्हणजे लातूरची अक्का. ही दादांची थोरली बहीण, सात वर्षांनी मोठी. दादा जन्मले तेव्हा ती घरात होती आणि तिला सगळं आठवत होतं. पण सांगेल तर शपथ. दादांची साठी झाली त्या दिवशी त्यांनी तिला विचारलं आणि तिथून दोघांची मजा सुरू झाली.

"कवा झालास, काय वक्ताला झालास, बाहेर काय चाललं होतं, समदं ठावं हाय मला," अक्का म्हणायची. "ऐंशी पुरे कर, मग सांगते."

"आत्ताच सांग की. तवर मरशील तू."

"म्या कशाला मरते? तूच मरशील. मग तुला सांगून तरी काय फायदा?"

आणि दोघंही तोंडाला पदर नि उपरणं लावून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायची. अक्का कानानं अधू झाल्यावर फोनवर बोलणंही बंद झालं. तिच्या मुलानं, शिवाकाकानं, फोन तिच्या कानाला लावला तरी ती "बरी हाय, बरी हाय" एवढंच म्हणत राहायची. दादा म्हणायचे, असू द्या, ऐंशीला आता कितीसा उशीर आहे. शेवटची दोन वर्षं तर ते महिने मोजत होते.

त्या एप्रिलात वडिलांचा मला पुण्याला फोन आला. एक जूनला दादांचा ऐंशीवा करायचा, सगळ्या भावकीला बोलवायचं, दारात मांडव घालायचा. माझ्याकडे एकच काम होतं. येताना लातूरवरून यायचं आणि अक्काला गाडीत बसवून आणायचं. नातवाच्या गाडीतूनच येईन असा तिचा हट्ट होता. नेमक्या त्याच आठवड्यात आम्ही पाच मित्र हिमाचलला जाणार होतो. तिकिटं काढून झाली होती. हे मी सांगितलं असतं तर वडील दोन शब्द बोलले असते आणि विषय संपला असता. मी सांगितलं नाही. मी म्हणालो, "बाबा, एक जूनला ऊन किती असतं! अक्का सत्त्याऐंशी वर्षांची, तिला लातूरहून उमरीला आणायची म्हणजे पाच तासांचा रस्ता. काही झालं तर? आणि तारीख तरी कुठं खरी आहे? दिवाळीत करू." बोलताना मला कुठे अडखळायलाही झालं नाही, याची आज लाज वाटते.

वडिलांना पटलं. त्यांनी फोन दादांकडे दिला. दादा म्हणाले, "चालतंय बापू. अक्काला बी दिवाळीतच इचारीन. मी तुमच्या सोयीनं जन्मतो." मला ते इतकं आवडलं की मी मित्रांना सांगून हसवलं. त्यानंतर दादा येईल-जाईल त्याला कौतुकानं सांगायला लागले, म्हाताऱ्यांना ऊन लागंल म्हणून आमच्या बापूनं कार्यक्रम म्होरं ढकलला, पुण्यात राहून बी घरच्यांचा इचार करून राहिलाय. आईनं मला हे फोनवर कळवलं तेव्हा मी डोंगरात होतो आणि आवाज नीट येत नाही म्हणून फोन ठेवला.

श्रावणात अक्का गेली. रात्री जेवून झोपली ती सकाळी उठलीच नाही. दादा आणि वडील पहिल्या गाडीनं लातूरला गेले. दादांना तिचं तोंड पाहायला मिळालं, तेवढंच. मला कळवलं होतं, पण त्या दिवशी महत्त्वाची मीटिंग होती आणि मी शिवाकाकाला फोन करून भागवलं. मीटिंग खरंच होती. तरी खरं कारण ते नव्हतं. मला अक्काच्या दारात उभं राहायची हिंमत झाली नाही. लातूरहून आल्यावर आठ-दहा दिवस दादांनी घरात एकही घोषणा केली नाही, असं आई म्हणाली.

दिवाळीच्या सुट्टीत मी ठरल्याप्रमाणे लातूरवरूनच गेलो. आता शिवाकाका आणि काकू यायचे होते. काकू मागे बसल्या. लातूर सोडून थोडं पुढे आल्यावर त्या आपणहून बोलायला लागल्या.

"मे महिन्यापासून पिशवी भरून ठेवली होती हो आत्याबाईंनी. दोन लुगडी, भावासाठी धोतरजोडी, शेंगदाण्याचे लाडू. रोज विचारायच्या, नातू कवा येनार? दिवाळीत करायचं ठरलंय म्हनून पाटीवर लिहून दावलं, तर म्हनल्या, असू दे, पिशवी सोडू नका, पुन्हा भरायला लागंल. लाडू तेवढे काढले आमी."

मला पुढचा रस्ता नीट दिसेना. तरी विचारलं, "काकू, दादांच्या जन्माचं काही बोलल्या होत्या का?"

"न्हाई ना. लई खोदून इचारलं मी. म्हनायच्या, त्याचं हाय ते, त्यालाच सांगीन."

शेजारी बसलेले शिवाकाका म्हणाले, "जूनमधी झालं असतं तर दोघांची गाठ पडली असती. पण तू बी काय करनार? ऊनच तसं होतं यंदा."

मी "हो ना" म्हणालो. कबूल करायची संधी आयती चालून आली होती, रस्ताही चांगला चार तासांचा बाकी होता, आणि मी "हो ना" म्हणालो.

कार्यक्रम झोकात झाला. मांडव, जिलेबी, किनवटपासून उदगीरपर्यंतची भावकी, पोरांचा गोंधळ. ऐंशी दिव्यांचं ताट तयार झालं आणि सगळ्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. पहिल्यांदा ओवाळायचा मान बहिणीचा. कोणी पुढे होईना. दादांनीच काकूंना हाक मारली. "सूनबाई, अक्काच्या जागी तू ये." काकूंनी ओवाळलं, आईनं ताटाला खालून आधार दिला. दादांनी काकूंच्या पाया पडायला हात जोडले तेव्हा त्या रडायला लागल्या.

मग कोणीतरी दादांच्या हातात माइक दिला. इतक्या वर्षांनी माइक हातात आल्यावर त्यांनी आधी त्यावर दोनदा टिचकी मारली. आम्हाला वाटलं, आता काहीतरी गंमत करणार. ते म्हणाले, "हा कार्यक्रम जूनमधीच व्हायचा होता. आमच्या नातवानं थांबवला. म्हनला, दादा, अक्काला ऊन सोसनार न्हाई. अक्का काही राहिली न्हाई, ती देवाची मर्जी. पन पोरानं तिच्या जिवाचा इचार केला, हे मी इसरनार न्हाई." लोकांनी टाळ्या वाजवल्या. शिवाकाकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी समोरच्या ताटातल्या जिलेबीकडे बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायची वेळ झाली. काका-काकू आत आईचा निरोप घेत होते. दादा गाडीशी उभे राहून चाकांतली हवा पायानं दाबून बघत होते. मला राहवलं नाही. मी म्हणालो, "दादा, उन्हाचं काही नव्हतं. मला मित्रांबरोबर जायचं होतं."

त्यांनी मान वर केली नाही. "ठावं हाय मला."

"कधीपासून?"

"जूनपासून. तुझ्या धाकट्या आत्यानं फोनवर फोटो दावला, तुझ्या दोस्तानं टाकलेला. बर्फात हुबा होतास. डोक्याला टोपी बी न्हवती."

मी विचारलं, "मग काल माइकवर तसं का सांगितलंत?"

"शिवा म्होरं बसला होता. त्याची आई गेलीय. आज तुमाला लातूरपतोर येकाच गाडीत जायचं हाय. रस्ताभर काय बोलला असतास त्याच्याशी?"

"दादा, माझं चुकलं."

"हाव," ते म्हणाले. "चुकलं." मग दुसऱ्या चाकापाशी गेले, तेही दाबून बघितलं, आणि माझ्याकडे पाठ करूनच म्हणाले, "मला लई इचारायचं होतं तिला."

तेवढ्यात काका-काकू बाहेर आले आणि दादा त्यांच्या पिशव्या डिकीत ठेवायला धावले. लातूरपर्यंत मी शिवाकाकांशी पिकापाण्याचं बोललो.

फाल्गुनात दादा गेले. या वेळी मी वेळेत पोचलो. शिवाकाका लातूरहून आले होते. सगळं उरकल्यावर ते माझ्याजवळ येऊन बसले, माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "मामांसाठी लई केलंस बाबा तू. माझ्या आईसाठी बी. आजकाल म्हाताऱ्या मानसांचं ऊन कोन बघतं?"

मी मान डोलावली.