माफीचा एपिसोड

मालिकेतली आजी वारली त्या संध्याकाळी बाबांच्या ऑफिसातले दोघे जण आमच्याकडे चहाला आले होते. आई चहा देऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हॉलमध्ये ती बसत नसे, टीव्हीही दारातूनच बघायची. टीव्हीचा आवाज बारीक होता. पडद्यावर नातसून आजीच्या तोंडात तुळशीचं पान घालत होती. आईच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि एक हुंदका तिला आवरता आला नाही.

बाबांनी आधी पाहुण्यांकडे पाहिलं. मग खुर्चीवरचा टॉवेल उचलून पदरासारखा डोक्यावर घेतला आणि छाती बडवत सुरू झाले, "अगं माझ्या आजे गंऽऽ! आता मला लोणचं कोण घालून देईल गंऽऽ!" आवाज हुबेहूब बाईचा. पाहुणे हसता हसता खोकायला लागले. मी तेव्हा बीएडला होते, कोपऱ्यात वही घेऊन बसले होते. मीही हसले. बाबा नकला फार छान करायचे, आणि ते हसवायच्या मूडमध्ये असणं आमच्या घरात क्वचितच घडायचं.

आई तोंड पुसून आत गेली. बाबांनी बातम्या लावल्या. त्यानंतर टीव्हीपुढे रडताना मी तिला कधीच पाहिलं नाही.

रिमोट बाबांच्या लेंग्याच्या खिशात असायचा. संडासला जातानासुद्धा ते तो बरोबर नेत. आईला मालिका बघू देत नसत असं नाही. बघू देत, आणि नेमकं लग्न लागायची वेळ आली, कुणाचं गुपित फुटायची वेळ आली, की चॅनल बदलत. ते मुद्दाम करत. बटण दाबण्याआधी ते एकदा दाराकडे, म्हणजे आईकडे बघून घेत, हे मी अनेकदा पाहिलंय. दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत कपडे वाळत घालता घालता आई शेजारच्या काकूंना हळूच विचारायची, "काल पुढं काय झालं हो?"

माझं लग्न झालं, मी गावातच पण वेगळी राहायला गेले. बाबा निवृत्त झाले, दिवसभर घरी राहायला लागले, आणि आईच्या वाट्याचा तो अर्धामुर्धा टीव्हीही गेला.

तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत बाबांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं, "त्यांना सगळं कळतंय, फक्त बोलता येत नाही. त्यांच्यासमोर बोलताना भान ठेवा." आईनं मान हलवली. तिनं ते अगदी लक्ष देऊन ऐकलं होतं.

आईनं बाबांचं केलं ते कुणीही नावाजावं असं. दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, पातळ करून भरवायचं, अंग पुसायचं. पाठीला एक जखम होऊ दिली नाही. दिवसा मदतीला एक मावशी ठेवली होती, दिंडोरीकडची, पन्नाशीची, अबोल. बेडरूममध्ये हवा खेळत नाही म्हणून आईनं बाबांचा पलंग हॉलमध्ये हलवून घेतला, टीव्हीच्या बरोबर समोर. रिमोट आता तिच्याकडे आला होता. संध्याकाळी साडेसहापासून एकामागून एक मालिका सुरू होत. माझी शाळा नाशिकरोडला. सुटली की द्वारका चौकाच्या गर्दीतून रोज मी आईकडे जायचे, आणि ती खुर्चीवर पाय वर घेऊन बसलेली दिसायची. मला बरं वाटायचं. इतक्या वर्षांनी बाई बसली तरी, असं वाटायचं.

त्या वर्षी एक मालिका फार गाजत होती. तिच्यातला नवरा बायकोला आयुष्यभर पाण्यात पाहतो आणि म्हातारपणी अंथरुणाला खिळतो. तो तिची माफी मागणार, तो भाग शनिवारी लागणार, अशी जाहिरात आठवडाभर चालू होती. बिल्डिंगच्या जिन्यात, भाजीवाल्याच्या गाडीपाशी बायका तेवढंच बोलत होत्या, ती माफ करेल की नाही करणार. आईनं चार जणींना आमच्याकडेच बोलावलं. चिवडा केला, वड्या थापल्या. आमच्या घरी तिच्या मैत्रिणी टीव्ही बघायला आल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होते.

आठ वाजता तो भाग लागला. नवरा थरथरत्या हातानं बायकोचा हात धरतो आणि म्हणतो, मला माफ कर. ती बराच वेळ त्याच्याकडे बघते. मग म्हणते, "तुमच्यावर रागवायची हिंमतच कधी झाली नाही माझी. आता माफ तरी कशाबद्दल करू?" आणि हात सोडवून घेऊन खोलीबाहेर जाते.

बायकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या काकू रडत होत्या आणि "अस्संच पाहिजे, अस्संच पाहिजे" म्हणत होत्या. आई रडली नाही, तिनं टाळ्याही वाजवल्या नाहीत. ती बाबांकडे वळली.

"काय हो, बरोबर केलं ना तिनं?"

सगळ्या हसल्या. त्यांना ती नवराबायकोची थट्टा वाटली. बाबांनी मान भिंतीकडे फिरवली. आई उठली, त्यांची हनुवटी दोन बोटांत धरून तिनं तोंड पुन्हा आपल्याकडे वळवलं.

"इकडे बघा. मी विचारतेय ना? हो असेल तर हात वर करा."

ही खूण व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीनं बसवून दिली होती. डावा हात एकदा उचलला की हो, दोनदा उचलला की नाही. बाबांनी हात उचलला नाही. आई तशीच हनुवटी धरून उभी राहिली. टीव्हीवर जाहिराती लागल्या होत्या. शेवटी बाबांनी डावा हात गादीवरून वीतभर उचलला आणि खाली टाकला.

"बघा, काकासुद्धा आपल्याच बाजूचे!" कुणीतरी म्हणालं. पुन्हा टाळ्या झाल्या. बाबांच्या डोळ्यांतलं पाणी कानात उतरत होतं. मला ते दिसत होतं. मी चिवड्याची बशी पुढच्या बाईकडे सरकवली.

पंधराएक दिवसांनी मावशींनी मला जिन्यात गाठलं.

"ताई, एक सांगू का? रागावू नका."

"सांगा ना."

"आई रोज दुपारी मोबाइलवर त्योच भाग लावत्यात. बाबांच्या उशाशी ठेवत्यात अन् विचारत्यात, बरोबर हाय का? हात वर करस्तोवर पुन्हा पुन्हा लावत्यात. बाबा लय रडत्यात ओ. मला नाय बघवत."

मी वर गेले आणि आईला स्वयंपाकघरात विचारलं. ती मेथी निवडत होती.

"खरंय का हे?"

"हो," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाले ना, ओळखीचं काहीतरी ऐकवत जा, मेंदूला चालना मिळते."

"आई, त्यांना सगळं कळतंय."

"म्हणून तर लावते. कळत नसतं तर कशाला लावलं असतं?"

मी म्हणाले, तू अशी नव्हतीस. त्यावर तिनं मेथीची जुडी खाली ठेवली.

"माझी आई गेली तेव्हा मला उशीर का झाला, माहितीय तुला?"

मी तेव्हा बीएडच्या शिबिराला बाहेरगावी होते. मला इतकंच माहीत होतं की लासलगावला, तिच्या माहेरी, जायला त्या दिवशी बस मिळाली नव्हती. घरात तसंच सांगितलं जायचं.

"बस होती," आई म्हणाली. "सकाळी सातला फोन आला. त्यांचे साहेब जेवायला येणार होते. म्हणाले, गेलेलं माणूस कुठं पळून जातंय, स्वयंपाक करून जा. पुरण शिजवलं मी. चौदा पोळ्या केल्या. साहेबांनी दोन खाल्ल्या. मी पोचले तर सगळे स्मशानातून परत येऊन आंघोळी करत होते. तिथं मला रडू आलं नाही. लाज वाटत होती, पोटची मुलगी सगळ्यांत शेवटी आली याची. महिन्याभरानं टीव्हीवरची ती म्हातारी गेली, तेव्हा आलं." जुडी पुन्हा हातात घेऊन ती म्हणाली, "आणि तू हसलीस."

मी तिच्याबरोबर मेथी निवडत बसले.

दुसऱ्या दिवशी मावशी आल्या नाहीत. आईनं त्यांना सांगून टाकलं होतं, उद्यापासून नको. जिन्यात माझ्याशी कोण बोललं असेल हे ओळखायला तिला वेळ लागला नव्हता, आणि मला ते आधी सुचायला हवं होतं. मी त्यांना फोन केला. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या ताई, बाबांकडं बघा." मी बाबांकडे पाहिलं असं मला म्हणता येणार नाही. आईचा मोबाइल काढून घेणं, पलंग पुन्हा आत हलवणं, बाबांना माझ्या घरी आणणं, यातलं काहीही मला करता आलं असतं. मी नवीन बाई शोधून दिली, जिला कानानं कमी ऐकू यायचं.

दिवाळीनंतर बाबांना एक शब्द बोलता यायला लागला. व्यायाम शिकवणाऱ्या मुलीला फार आनंद झाला. शब्द होता "बंद". त्यांना पाणी दिलं तरी ते बंद म्हणत, मला पाहिलं तरी बंद. पण मोबाइल उशाशी आला की वेगळ्या आवाजात म्हणत. जीभ जड, ओठ वाकडे, तरी शब्द स्पष्ट यायचा. आई काकूंना सांगायची, "एवढा एकच शब्द आला, तोही हुकूमच!" आणि बाबांना म्हणायची, "बरं हं." मग आवाज दोन घरं वाढवायची. तिनं त्यांना कधी अरेतुरे केलं नाही. शेवटपर्यंत अहोच म्हणाली.

बाबा पुढच्या मार्चमध्ये गेले, सकाळी, दाढी करून झाल्यावर. आई खूप रडली. तिला सावरायला दोन बायका लागल्या. लोक म्हणाले, एवढं केलं हिनं, हिचाच आधार गेला. मी तिला धरून बसले होते. ती कुणासाठी रडत होती, हे मी तिला विचारलं नाही, पुढंही कधी विचारलं नाही.

तेराव्याला मावशी आल्या. बोलावलं नव्हतं, कुणाकडून तरी कळलं म्हणाल्या. फोटोला हार घातला, आईच्या पाया पडल्या. काढून टाकल्याचा शब्दही काढला नाही. जेवण झाल्यावर आईजवळ बसून त्यांनी विचारलं, "बाबा शेवटाला काय बोलले का, आई?"

"माझं नाव घेतलं," आई म्हणाली.

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. बाबांना एकच शब्द यायचा, हे त्यांना माहीत नव्हतं. त्या गेल्यानंतरची ती गोष्ट. आईही माझ्याकडे बघत होती.

"हो," मी म्हणाले. "दोनदा घेतलं."

मावशींनी पदर डोळ्यांना लावला. "बरं झालं बाई," त्या म्हणाल्या, "माझ्या मनाला लय लागून राहिलं होतं." आईनं त्यांच्या नातवंडांसाठी डब्यात लाडू भरून दिले आणि डबा परत आणायची घाई करू नका म्हणून सांगितलं.