साहेबांचं पान

राहुरीत राहून लॅटिनमध्ये आंघोळ करणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच, आणि तो माझा मामा. पहिला तांब्या डोक्यावर पडला की न्हाणीघरातून "मेन्सा, मेन्सा, मेन्साम" सुरू. नव्या शेजाऱ्यांना वाटतं, मास्तर काहीतरी जहाल स्तोत्र म्हणतायत. कसलं स्तोत्र! 'टेबल' या शब्दाची ती लॅटिन रूपं. मामाला लॅटिन येतं ते एवढंच. बाकी जन्म त्यानं भूगोल शिकवण्यात घालवला.

हे टेबल त्याच्या आजोबांकडून आलेलं. इंग्रजांच्या राज्यात नगरच्या एका हायस्कुलात एक गोरे साहेब लॅटिन शिकवायचे. अकोले तालुक्यातल्या डोंगरातून अनवाणी आलेल्या आजोबांना त्यांनी हाताशी धरलं, मॅट्रिक केलं, मास्तर केलं. आजोबांचा मुलगा मास्तर, नातूही मास्तर. "आपल्या घरातला खडू साहेबांच्या हातचा आहे," असं मामा म्हणतो. साहेबांनी लग्न केलं नाही, ते विलायतेला परतले नाहीत, नगरातच वारले. एवढ्या भांडवलावर मामा भेटेल त्याला त्यांचं चरित्र ऐकवतो. एकदा नगरच्या एसटीत त्यानं कंडक्टरलाच धरलं. साहेब घोडा कुठे बांधायचे इथपर्यंत गोष्ट आली तेव्हा कंडक्टर म्हणाला, "मास्तर, तुमचा सायेब कुटं उतरनार हाय तेवडं सांगा, तिकीट फाडतो. लई लोकं राह्यलीत." मामा यावरही खूश! घरी येऊन सांगतो, "बघ, साहेब शेजारी बसलेत असंच वाटलं त्याला."

पण खरा कहर सर्वपित्रीला. त्या दिवशी घरच्या पितरांच्या पंक्तीला मामा साहेबांचंही पान वाढतो. पहिल्यांदा भटजींनी डोळे वटारून विचारलं, "गोत्र?" मामा शांतपणे म्हणाला, "काश्यप लावा. ज्याचं गोत्र माहीत नाही त्याचं काश्यप, हे तुम्हीच सांगितलंत." भटजींनी काश्यप लावलं. साहेबांना तिखट सोसणार नाही म्हणून मामी त्यांच्या वड्यात मिरची घालत नाही.

या वर्षी मी होते तिथे. गच्चीवर पानं ठेवली. घरची पानं कावळ्यांनी बघता बघता उचलली, पण साहेबांच्या पानाकडे एकजण ढुंकून बघेना. आणि कावळा शिवल्याशिवाय मामा कुणाला जेवू देत नाही. माझ्या पोटातले कावळे तेवढे कोकलत होते.

"साहेब, चरित्र लिहून पुरं करतो," मामा हात जोडून म्हणाला. कठड्यावरचा कावळा ढिम्म. "कबरीवरचं गवत काढून घेतो." तरी ढिम्म. मामी वैतागली. "अहो, गाईला घाला ते पान आणि चला. पोरगी सकाळपासून उपाशी आहे."

मामा हलेना. चेहरा एवढासा झाला होता त्याचा. मग हळूच म्हणाला, "साहेबांचा जीव कशात अडकलाय ते कळलं मला. आपल्याला मूलबाळ नाही. माझ्यामागं त्यांचं पान कोण वाढणार?"

मामीनं डोळ्यांना पदर लावला. दुसऱ्यांची पोरं शिकवण्यात मामाचा जन्म गेला, पण हे वाक्य त्या घरात मी कधी ऐकलं नव्हतं. मी कावळ्याकडे बघून चक्क ओरडले, "साहेब, मी वाढीन! भाची आहे मी त्याची. तुमचंही वाढीन आणि मामा-मामींचंही. भटजींनी नाक मुरडलं तर मुरडू दे!"

कावळा जरा थांबला, मग येऊन वडा घेऊन गेला. योगायोगच असेल म्हणा. बिनमिरचीचा वडा म्हटल्यावर तोही विचार करूनच खाणार.

जिना उतरताना मामानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. नेहमीपेक्षा जरा जास्तच भार होता त्या हाताचा.

"माझ्या पानावर कारलं वाढू नकोस हं," तो म्हणाला. "श्राद्धाला लागतं म्हणतात, पण मला जन्मात कधी आवडलं नाही."

"बरं," मी म्हटलं. आणखी एक शब्द बोलले असते तर जिन्यातच रडू कोसळलं असतं.