बाबांचा उजवा डोळा

बाबांच्या लायसनची मुदत संपून दीड वर्ष झालं, तरी घरात कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. तीस वर्षं दारव्हा-यवतमाळ काळीपिवळी जीप चालवणाऱ्या माणसाला आता पुन्हा परीक्षा द्यावी लागणार म्हटल्यावर स्टँडवरचे लोक खो खो हसले. बाबाही हसले. मला हसू आलं नाही. अर्ज मीच भरणार होते, आणि बाबांना उजव्या डोळ्यानं दिसत नाही हे घरात फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. काचबिंदू होता. गेलेली नजर परत येत नाही, असं यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. आईला सांगायचं नाही, हे बाबांनी तिथून परतताना एसटीतच माझ्याकडून कबूल करून घेतलं.

स्टुडिओत बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना पाणी लावून बसले. फोटोत डावा डोळा समोर बघत होता आणि उजवा भलतीकडेच. "काका, असा फोटो नाही चालत. मी देतो बरोबर करून," फोटोवाला म्हणाला. त्यानं डाव्या डोळ्याची कॉपी घेतली, उलटी केली आणि उजवीकडे बसवली. दोन मिनिटांत काम झालं. बाबा त्या फोटोकडे कितीतरी वेळ बघत राहिले.

"पाय वं, किती साजरा आला," फोटो माझ्यापुढे धरून ते म्हणाले. मला फोटोवाल्याचा राग आला, खरं तर त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

चाळिशीच्या पुढच्यांना डॉक्टरचा दाखला लागतो. माझी सगळी भिस्त त्या दाखल्यावर होती. डॉक्टरच नाही म्हणतील आणि मला वाईटपणा घ्यावा लागणार नाही, असा माझा भित्रा विचार. दवाखान्यात ही गर्दी. डॉक्टरांनी फॉर्मवर चिकटवलेला फोटो पाहिला, "डोळ्यांचा काही त्रास?" असं विचारलं, बाबा "नाही" म्हणाले, सही झाली, शिक्का बसला. मान वर करून समोरच्या माणसाकडे एकदा पाहिलं असतं तरी पुरे होतं. पण मी तरी कुठे बोलले? शेजारीच उभी होते, तोंड मलाही होतं.

परतताना जीपमध्ये आम्ही दोघंच होतो. घराकडे उजवीकडे वळायचं होतं आणि समोरून एक सायकलवाला येत होता. बाबांनी वेग कमी केलाच नाही. सायकल रस्ता सोडून खाली गेली, माणूस झुडपात पडला. मी मागं वळून पाहिलं, तो उठून कपडे झटकत होता. बाबा आईनं सांगितलेल्या भाजीबद्दल बोलत राहिले.

फोटो, सही, आधार, दाखला, सगळं मोबाइलवरून चढवून झालं होतं. शेवटचं बटण तेवढं दाबायचं होतं. ते मी दाबलं नाही. बाबांनी विचारलं की सांगायचे, सर्व्हर डाउन आहे. लायसन येईपर्यंत सवारी भरायची नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. रोज सकाळी ते जीप पुसायचे, स्टँडवर जाऊन नुसते बसायचे आणि जेवायला घरी यायचे. असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी आई विहिरीवर गेली असताना ते माझ्याजवळ येऊन बसले.

"एवढे दिवस सर्व्हर बंद नाही राहत, बाई. तूच बंद करून ठेवून राह्यली."

"बाबा, तुमाले दिसत नाही."

"मले मालूम आहे. मंग दिवसभर मी काय करू, ते सांग."

पदवी घेऊन तीन वर्षं मीही घरातच बसले होते. माझ्याकडे न बघता बाबांनी विचारलं, "तो सायकलवाला उठला होता नं?"

म्हणजे पडल्याचा आवाज त्यांनी ऐकला होता. ऐकूनही ते भाजीबद्दल बोलत राहिले होते.

"उठला," मी म्हटलं.

"मंग भर फारम."

मी भरला. मला लाज वाटत होती, तरीही भरला. पुढच्या आठवड्यात आरटीओच्या मैदानावर परीक्षा झाली आणि बाबा पास झाले. मैदान रिकामं होतं, उजवीकडून कोणी आलंच नाही.