भिंतीवरची जाळी

"आली का वं ते?"

दिवेलागणीला काकाजी आमच्या मधल्या भिंतीपाशी यायचे, हातातल्या चपलेने पत्र्याच्या डब्यावर दोन रट्टे द्यायचे आणि मला हा प्रश्न विचारायचे. ते म्हणजे मांजर. मी "नाही" म्हटलं की त्यांचा जीव भांड्यात पडायचा. "दिसली होती" म्हटलं की बॅटरी घेऊन घरामागची सगळी सांदवाडी पालथी घालायचे, आणि तोवर काकू जेवायला वाढून ताटकळत बसायच्या.

तुमच्याही शेजारी असा एकाच गोष्टीचं वेड घेतलेला माणूस असेल. आमच्या मुर्री गावात काकाजी होते. उभी हयात राइस मिलमध्ये गेली, तिथल्या घरघरीने कान गेले, म्हणून बोलणं कायम ओरडून. त्यांच्या घरातलं गुपित गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू यायचं. घरात ते, काकू आणि भुऱ्या. भुऱ्या म्हणजे मातकट रंगाचा म्हातारा कुत्रा, दिसेल ते गिळणारा. चपलेचा पट्टा, साबणाची वडी, एकदा तर माझ्या वाळत घातलेल्या कुरड्या. "त्याच्या तोंडाले कुलूप नाई," काकाजी सांगायचे. सांगताना हसायचे, पण ते हसू फार टिकायचं नाही.

मांजर येऊ नये म्हणून त्यांनी काय केलं नाही! भिंतीवर बोरीच्या काट्या रचल्या. कोपऱ्याकोपऱ्यात संत्र्याची सालं टाकली. घरात मासळी शिजवणं बंद केलं. शेवटी भिंतीवर बांबू रोवून बोदलकशाच्या तळ्यावरून आणलेली मासे धरायची जुनी जाळी ताणली. काकूंचं माहेर तिकडचं. त्या माझ्याकडे येऊन कपाळावर हात मारायच्या. "माहेराहून जाळी आनली, पन मासा नाई आनू देत. असा मानूस पाह्यला का वं बाई कुठी?"

आम्ही सगळे हसत होतो. एकदा मीच विचारलं, "काकाजी, काऊन एवढा राग धरता मांजरीचा?"

"राग नाई वं. भेव आहे."

प्रथमच ते हळू बोलले. मिलच्या गोदामात उंदरांसाठी औषध टाकत. तिथली मांजर अर्धमेला उंदीर धरायची, घटकाभर खेळवायची आणि कंटाळा आला की फाटकाशी टाकून जायची. फाटकाशी काकाजींचा तेव्हाचा कुत्रा बांधलेला असे. "मी मशीनवर होतो. आलो तं तो भिंतीले डोकं घासून राहिला होता. मले ओळखलंबी नाई." बोलता बोलता त्यांनी जाळीची एक सैल गाठ आवळली. "मांजरीचा दोष नाई. ते फक्त आनून देते."

त्यानंतर मी हसले नाही. भिंतीवरून मांजर गेली की माझीही नजर आधी तिच्या तोंडाकडे जायची.

जाळीने काम चोख केलं. मांजरी यायच्या बंद झाल्या. काकाजी खूश, भुऱ्या अंगणात पाय पसरून झोपायचा. पण ती सांदवाडी मला भलतीच गप्प वाटायला लागली. मग एका संध्याकाळी काकूंनी मला हात धरून आत नेलं. धान भरायच्या बांबूच्या ढोलीखाली कोंड्याचा ढीग पडला होता. आम्ही दोघी उभ्या होतो तरी ढोलीच्या आत कुरतडणं चालूच होतं. आमची जराही भीड नाही.

"औषध टाका म्हनलं तं अंगावर धावून येते," काकू म्हणाल्या. काकाजींनी पिंजरे लावले. त्यात उंदीर सापडत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढाच कोंडा. मग पेरणीसाठी वेगळं ठेवलेलं धानाचं पोतंही फुटलं. बियाणं म्हणजे पुढचं वर्षच की. काकूंचा धीर सुटला.

काकाजी कामठ्याला मुलीकडे गेले होते, त्या दिवशी काकूंनी तांदळाच्या पिठात औषध कालवून गोळ्या ढोलीत सोडल्या. झाकण लावलं, वर पाटा ठेवला. मला येऊन म्हणाल्या, "मांजर तं येतच नाई आता. मंग कोन आनन बाहीर?"

मलाही ते पटलं. काकाजींनीच तर आम्हाला तसं शिकवलं होतं.

औषध खाल्लेल्या उंदराला तहान लागते. ढोलीच्या बुडाशी कुरतडलेलं भोक होतंच. भुऱ्यासाठी काकाजी पाण्याचं घमेलं सदा भरलेलं ठेवत, आणि ते अंगणाच्या मधोमध असे.

संध्याकाळी काकाजी परत आले. फाटकातूनच मला ओरडून विचारलं, "आली का वं ते?"

"नाही," मी म्हटलं. खरंच आली नव्हती. मी त्यांच्या अंगणाकडे बोट दाखवलं.

काकू भुऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्याचे पाय ताठ झाले होते. घमेल्याशी उंदराची शेपटी पडली होती. काकाजी काकूंच्या हाताला लागलेल्या पिठाकडे पाहत राहिले. मला वाटलं, आता हा माणूस घर डोक्यावर घेणार. ते खाली बसले आणि पदराच्या टोकाने त्यांनी बायकोचे हात पुसले, बोटन्‌बोट. "उंदीर पान्यासाठी आला असन," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जाळी काढली. काट्या जाळल्या. भिंतीवर दुधाची वाटी ठेवली आणि संध्याकाळी पुन्हा तोच प्रश्न. डबा मात्र वाजवला नाही. पण ज्या मांजरींना त्यांनी इतकी वर्षं हाकललं, त्या आता बोलावून थोड्याच येणार? दुधाला मुंग्या लागत. मी "नाही" म्हणायची आणि ते मान हलवून आत जायचे. माझं "नाही" मलाच टोचायला लागलं होतं.

थंडीत ते गेले. काकूंना मुलीने कामठ्याला नेलं. घराला कुलूप आहे, पण ढोली अजून आतच आहे, आणि आतलं कुरतडणं ऐकायला भिंतीला कान लावायची गरज पडत नाही.

काल दिवे लावताना भिंतीवर एक मांजर दिसली. उघड्या बांबूंच्या मधून ती काकाजींच्या अंगणात बघत होती. शेपटी हलत नव्हती. खाली उतरायचं तिचं धाडस होत नव्हतं.

"आली, काकाजी," मी म्हटलं. त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हटलं. मांजर दचकली आणि पळून गेली.