आधार: आमचा पोटमाळा

आधीच माफी मागून ठेवतो. माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि शब्दही साधेच आहेत. वडील गेले आणि सहावीतच शाळा सुटली. तरी ऐका. चहा निवायच्या आत संपेल, एवढीच माझ्या शहाणपणाची गोष्ट. तुम्हाला हसू येईल. मला अजून नीट येत नाही.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली होती तेव्हाची. लालबागला आमची एक खोली. मी दिवसा गिरणीत बदली कामगार आणि संध्याकाळी परळच्या रात्रशाळेत. लाजरा इतका, की हजेरीला माझं 'हजर' शेजारचाच म्हणायचा.

तिथल्या पहिल्याच निबंधात मी वर्तमानपत्रातला अख्खा उतारा उचलून घातला. गुरुजींनी भर वर्गात विचारलं, "हे तू लिहिलंस?"

"आवडलं म्हणून घेतलं, गुरुजी."

"उद्या तुला माझी छत्री आवडेल."

वर्ग हसला. मग ते जरा मऊ आवाजात म्हणाले, "दुसऱ्याचं घे, पण त्याचं नाव खाली लिही. कोण, कुठला, सगळं. वाचणाऱ्याला जाऊन खात्री करता आली पाहिजे. नाहीतर ती चोरी."

मी ते मनावर घेतलं. तुम्ही म्हणाल, चांगलं केलंस. थांबा जरा.

पुढचा निबंध होता 'कर्फ्यूतला एक दिवस'. आता कर्फ्यूत मी काय पाहिलं होतं? आमच्या दाराची कडी. पण माझा मावसभाऊ गणूदादा मोर्चात पुढे असायचा. लाठी, अश्रुधूर, सगळं अंगावर घेतलेला माणूस. त्याच्या नावाचं वॉरंट निघालं होतं. घोडपदेवच्या त्याच्या खोलीवर पोलिसांची नजर, म्हणून तो आमच्या पोटमाळ्यावर लपला होता. सापडला तर तुरुंग, गिरणीतली नोकरी गेली, आणि वहिनीला तर नववा महिना लागलेला. चाळीतल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत होतं, आणि एकाच्याही तोंडून अक्षर फुटलं नव्हतं.

दादा माळ्यावरून हळू आवाजात सांगायचा, मी खाली बसून ऐकायचो. तेच मी लिहिलं. निबंधात कुणाचं नाव नव्हतं. गुरुजी खूश झाले. म्हणाले, "पक्की प्रत काढ आणि भित्तिपत्रकावर लाव. रविवारी सगळ्यांच्या घरची माणसं येणार आहेत."

पक्की प्रत काढताना माझ्या लक्षात आलं, आधार द्यायचा राहिला. मग खाली लाल शाईने सुबक चौकट आखली. 'ही हकिकत माझ्या मावसभावाने सांगितली.' त्याचं पूर्ण नाव. चाळ, मजला, खोली. 'मुक्काम सध्या पोटमाळ्यावर. दिवसा घरीच असतात.' हे शेवटचं अशासाठी, की खात्री करायला येणाऱ्याला फुकट खेप पडू नये.

रविवारी सकाळी एक हवालदार आले. वर्गातल्या एकाचे मेहुणे. ओळीखाली बोट धरून त्यांनी माझा निबंध वाचला, चौकटीसकट. हवालदार वाचतायत याचाच मला कोण आनंद.

"कोणी लिहिलंय?"

"मी, साहेब."

"पत्ता अगदी व्यवस्थित दिलाय."

"गुरुजींनी शिकवलं, साहेब."

"दिवसा घरी म्हणजे, किती वाजेपर्यंत?"

आणि मी सांगायला लागलो हो. "दिवे लागले की जरा गॅलरीत..." एवढ्यात गुरुजी मागून आले, त्यांनी चौकट वाचली, आणि त्यांचा चेहरा भिंतीसारखा पांढरा झाला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

"साहेब, हे खोटं आहे," मी म्हणालो. "मी चोरलंय."

"कशातून?"

"पुस्तकातून."

"कुठल्या?"

मला एकाही पुस्तकाचं नाव आठवेना. गुरुजी म्हणाले, "नकला करण्यात हा पटाईत आहे, हवालदार. गेल्या खेपेलाच पकडला होता. विचारा वर्गाला."

"हो, चोर आहे तो," अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला. एरवी त्यांचा पाढासुद्धा एका सुरात होत नाही.

"आणि पोटमाळा?"

"तोही चोरलाय, साहेब."

हवालदारांनी टोपी नीट केली. "माझी ड्यूटी चारला लागते. तेव्हा येतो, तुझा चोरलेला माळा बघायला."

मी घरापर्यंत पळत गेलो. दादा पेज पीत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. भांडं खाली ठेवून सदरा चढवला.

"खय जातलस रे?" आईने विचारलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. "मावशे, ह्येका आधी भायर धाड. मगे सांगतंय."

आईने मला रॉकेल आणायला पाठवलं. घरात रॉकेल होतं. परत आलो तेव्हा माळा रिकामा होता. चारनंतर हवालदार आले, वर डोकावले, पाणी प्यायले आणि गेले. त्याच आठवड्यात वहिनी बाळंत झाली. मुलीला पाहायला दादा येऊ शकला नाही. तो कुठे होता हे चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं, मी सोडून.

पण ते पुढचं. त्या रविवारची रात्र कशीबशी काढून दुसऱ्या दिवशी सकाळी मी निबंध काढून टाकायला शाळेत गेलो. गुरुजी आधीच येऊन बसले होते. लाल चौकट त्यांनी कापून जाळली होती.

"नाव द्यायचं हे मी शिकवलं," ते म्हणाले. "त्या माणसाला विचारून द्यायचं, हे शिकवायचं राहिलं." मग लाल शाईची दौत पुढे सरकवली. "हवालदारांना नक्कल म्हणून सांगितलंय. आता तसं लिहावं लागेल. गुणही शून्य."

मी टाक घेतला. निबंधावर मोठ्या अक्षरात 'नक्कल' लिहिलं. खाली माझं पूर्ण नाव घातलं. पुढे चाळ, मजला लिहून झाला आणि खोलीकडे वळलो, तेव्हा गुरुजींनी माझ्या हातातला टाक काढून घेतला.